दुसरी बादली

खानोलकरांचा गीझर आठवड्यातून दोनदा तरी बंद पडायचा. दुरुस्तीला आलेल्या रेश्माने देखभालीचा करार पुढे केला.

"सही करा, काका. मग कधीही बिघडला तरी आम्ही बघू. फक्त आधी याची जुनी मेमरी पुसावी लागेल. घरात तुम्ही एकटे, तरी हा रोज सहाला दुसरी बादली भरतो. तीही कढत."

"ती हिची," खानोलकर म्हणाले. "दोन वर्षं झाली हिला जाऊन. हिला गार पाण्याचं विसण चालायचं नाही."

रेश्माने बिनसहीचा कागद परत घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बादलीत गारच पाणी आलं. सहाला मात्र दुसरी बादली वाफाळत भरली. तिच्यात विसण न घालता, पाणी निवेपर्यंत खानोलकर बाथरूमच्या दाराशी बसून राहिले.