मास्तरांचा स्थिर हात

“गोळ्या चुकताहेत का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“छे. एकही नाही,” टेलरमास्तर म्हणाले. बायको शेजारीच बसली होती.

मास्तरांनी दुसऱ्याचं हृदय बसवून घेतल्याला सात वर्षं झाली होती. या खेपेला त्याचा कणभर तुकडा काढून तपासला, तेव्हा बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर प्रथिनं साचलेली दिसली. गोळ्यांनी गाफील ठेवलेल्या शरीराने परका पाहुणा हेरला होता आणि त्याच्यावर चाल केली होती. मोठ्या वाहिन्याही आतून अरुंद होऊ लागल्या होत्या. बाई म्हणाल्या, बसवलेलं हृदय बहुधा दुखून सांगत नाही. एके दिवशी सरळ दगा देतं.

मास्तरांनी मान डोलावली आणि पुढच्या तपासणीच्या कागदावर झोकात सही ठोकली.

बायको त्या हाताकडे बघत राहिली. गोळ्या सुरू झाल्यापासून तो थरथरायचा. कप ओठांशी जाईपर्यंत चहा अर्धा व्हायचा. सुईत दोरा ओवायला तिला हाक यायची. काजं करायचं तर मास्तरांनी सोडूनच दिलं होतं. गेल्या वर्षभरात मात्र थरथर गेली, जुनी गिऱ्हाइकं परतली. गुण आला म्हणून तीही खूश होती.

“हे खोटं बोलताहेत,” ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. संध्याकाळची गोळी मास्तर दिवसाआड गाळत होते. हात स्थिर असला की आपण अजून कामाचे आहोत, असं त्यांना वाटे. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. थरथरीचं वेळेवर कानावर घातलं असतं, तर तेव्हाच गोळी बदलली असती, म्हणाल्या. झालं ते सगळं पुसलं जाणार नव्हतं, पण पुढचं थोपवण्यासारखं होतं. त्यांनी दुसरं औषध लिहून दिलं.

जिन्यात येताच बायकोने तोंडाचा पट्टा सोडला. अक्कल गहाण ठेवली होती का, इथून निघालेली गाडी सासूबाईंनी केलेल्या लाडांपर्यंत पोचली. वर चढणारी माणसं थबकली. मास्तर कठड्याला टेकून ऐकत होते. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

“हसताय काय?”

“बोल ना. थांबलीस का?”

ऑपरेशन झाल्यापासून, हृदयाला धक्का बसेल म्हणून, ती त्यांच्याशी एकदाही भांडली नव्हती.