वेगळी चूल

"तुम्ही आणि तुमचा मुलगा एकाच घरात राहता की नाही? हो किंवा नाही, एवढंच सांगा."

समोरच्या बाजूचा सुदर्शन दिसायला पोरगेला होता, पण अंगात काळा कोट होता आणि आवाजात धार होती. सोजरबाईंनी पदर सावरला.

"एका छपराखाली हाय, साहेब. पण चूल येगळी हाय."

"म्हणजे एका छपराखाली दोन सरकारं?"

सभागृहात हशा पिकला. मधल्या खुर्चीतल्या पांढऱ्या केसांच्या न्यायमूर्तींनी हात वर केला तेव्हा कुठे लोक शांत झाले.

सोजरबाईंची येरवड्याची वस्ती रस्ता रुंदीकरणात जाणार होती. खराडीकडे संगणकाच्या कंपन्या उभ्या राहत होत्या आणि त्यांच्या गाड्यांना वाट हवी होती. सरकारचं धोरण असं, की एका कुटुंबाला एक खोली, तीही पार कात्रजच्या बाजूला. लेकाला, संपतला, खोली मिळाली. शिधापत्रिका एकच, म्हणून आईला त्याच्या कुटुंबात धरलं गेलं. वेगळ्या खोलीसाठी सोजरबाईंनी केलेला अर्ज कार्यालयाने फेटाळला. आणि सून तर तोंडावर म्हणाली होती, "तिकडं तुमची सोय व्हायची नाही. आत्ताच सांगून ठेवते."

म्हणजे वस्ती उठली की सोजरबाई रस्त्यावर.

अशात निकिता आली. विधी महाविद्यालयातली मुलगी, पण उंबऱ्यावर मांडी घालून बसली, कोरा चहा प्यायली, सगळं विचारून घेतलं. म्हणाली, "आजी, तुमची केस आम्ही पुन्हा मांडणार आहोत. मोठे न्यायमूर्ती येणार आहेत ऐकायला. याल ना सांगायला?"

सोजरबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. दाराशी चपला काढायला लागल्या तर शिपाई श्याम म्हणाला, "राहू द्या आजी, हे देऊळ नाही. इथं नवस बोलून काही होत नाही."

आधी निकिता बोलली. खणखणीत बोलली. "धोरणात कुटुंबाची व्याख्या एक चूल अशी आहे. शिधापत्रिका हा चुलीचा पुरावा असेल, पण ती चूल नव्हे. दारिद्र्यात माणसं वेगळी होतात तेव्हा कागद वेगळे करत बसत नाहीत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोर्टात टाळ्या वाजतात हे सोजरबाईंना ठाऊक नव्हतं. पण बरं वाटलं.

मग सोजरबाईंना प्रश्न विचारून झाल्यावर सुदर्शनने संपतला उभं केलं. संपत कंपनीच्या पोरांना ने-आण करणारी गाडी चालवायचा. आजही गाडीवरचा पांढरा सदरा घालून आला होता. आईकडे न बघताच तो म्हणाला, "आई माझ्यातच आहे, साहेब. तिला तिखट सोसत नाही, म्हणून आपलं वेगळं करून खाते. वस्तीत कुणालाही विचारा. ती स्वतःच सांगते."

खरं होतं. सांगत होत्याच त्या. पत्र्याआड स्टोव्ह पेटवताना शेजारीण डोकावली, की म्हणायच्या, "डाक्टरनं तिखट बंद केलंय बाई. सून बिचारी किती करंल?" लेकाची अब्रू झाकायला रचलेली गोष्ट आता लेकाने त्यांच्यावरच उलटवली होती.

न्यायमूर्ती पुढे झुकले. "बाई, मुलगा म्हणतो ते खरं आहे का?"

मागच्या रांगेत वस्तीतली माणसं बसली होती. द्वारकाबाई, रंगराव, सगळी. सोजरबाईंना वाटलं, हो म्हणावं आणि घरी जावं. पण कोणत्या घरी?

"तिखट चालतं मला," त्या म्हणाल्या. "मिरची भाकरी खाऊनच ह्याला वाढवला. नातू झाला तवा सून म्हणाली, म्हातारीचं ताट बंद. हा तिथंच बसून जेवत हुता. घास थांबवला न्हाई यानं. सणाचं ताट देतात, पर अंगणातनं मिरवत आणतात, लोकांनी बघावं म्हणून. मागं तापानं पडले तर पाणी रंगरावच्या सुनेनं दिलं."

संपतने मान खाली घातली. त्याचे कान लाल झाले. लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचे तसेच.

"म्या झाकलं हुतं, साहेब. आज उघडं केलं. आईनं करू ने असं हाय हे."

घंटी वाजली. आता मात्र कुणी हसलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही. सोजरबाई खाली बसल्या आणि पदर तोंडावर ओढून घेतला. लेक उठून गेला ते त्यांना दिसलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज तेवढा आला, आणि द्वारकाबाईचा, "थू रे तुझ्यावर, संपत."

न्यायमूर्तींनी शेजारच्या दोघांशी कुजबुज केली, चष्मा पुसला आणि सांगितलं, "या वृद्धेची चूल वेगळी आहे हे सिद्ध झालं आहे. वेगळी चूल म्हणजे वेगळं कुटुंब. तिला स्वतंत्र खोली नाकारणं चूक होतं. दावा मान्य."

सभागृह दणाणलं. निकिताने धावत येऊन मिठी मारली. "आजी, जिंकलो! तुमच्यामुळे जिंकलो!"

सोजरबाईंनी पदराने डोळे टिपले. लेक गेला होता, पण डोक्यावर छप्पर आलं होतं. त्यांनी निकिताचा हात घट्ट धरला. "पोरी, खोलीची किल्ली आजच मिळंल, का उद्या यावं लागंल?"

निकिताचं हसू ओठांवरच राहिलं. तिने तोंड उघडलं, पण तेवढ्यात प्राचार्यांनी ध्वनिक्षेपक हाती घेतला होता. "धोरणाच्या अभ्यासासाठी आपण मुद्दाम कायमची निकाली निघालेली केस दिली होती. तीत खराखुरा साक्षीदार आणून एवढा जिवंतपणा ओतल्याबद्दल अभिरूप न्यायालय स्पर्धेचा यंदाचा फिरता चषक निकिताच्या गटाला!"