एकटीची जोडी

“पुढचा कोयता!” बंकट मुकादम ओरडला, आणि राधाकिशन बायकोला पुढं ढकलत आला.

एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. ऊसतोडीच्या टोळीत माणसं अशीच मोजतात. त्या साली तोडायला ऊसच नव्हता. सहकारी कारखान्याची चिमणी थंडगार पडलेली. बोअर तर इतके खोल गेले होते, की युसूफ वडगाव या गावात नळीला कान लावला तर खालून कोरियातल्या लोकांचं भांडण ऐकू यायचं. म्हणूनच की काय, तिकडची एक सिनेमावाली बाई वर आली. नाव यून. तिचे सिनेमे चार माणसं बघत, त्यातली दोन झोपत, पण बक्षिसं जगभरची. आपल्या पडद्यावर परमुलखातली माणसंही खरीखुरी दिसावीत, स्वतःच्या तोंडानं बोलावीत, हा तिचा हट्ट. या खेपेला तिला ऊसतोडीची जोडी हवी होती, म्हणून कारखान्याच्या वजनकाट्यापाशी जोड्यांची रांग लागली होती.

भिवराबाई वजनकाट्याच्या कठड्याला टेकून उभी होती. नवरा गेल्यापासून बंकटनं तिला टोळीत घेतलंच नव्हतं. आजही त्यानं हटकलं, “तू कावून आलीस? अर्धा कोयता कुनाला पायजे?”

“नुसतं बघायला पन जोडीनं यावं लागतं व्हय?” ती म्हणाली आणि हलली नाही. काम तिला हवंच होतं.

यूनबाईचा प्रश्न एकच. पुण्याची दुभाषी पोरगी तो मराठीत विचारायची, “ताई, तुम्हाला राग कधी येतो?”

“हिला? हिला राग येतच न्हाई,” राधाकिशन म्हणाला. “निव्वळ गाय हाय.”

त्याच्या बायकोनं, छबुबाईनं, पदराआडून असं बघितलं, की काट्याजवळचा एकुलता एक हिरवा निंब जागच्या जागी वाळला.

पुढच्या जोडीतही नवराच बोलला. त्याच्या पुढच्याही. एकीनं तोंड उघडलं, तर बंकट गरजला, “कारभाऱ्याला बोलू दे!” शेवटी यूनबाईनं चष्मा काढला आणि सामान गाडीत भरायला सांगितलं.

“थांबा,” भिवराबाई पुढं झाली. “मला इचारायचं ऱ्हायलंय.”

“तुझ्या वतीनं बोलनार कोन?” बंकट हसला.

“कोनीच न्हाई. तीच तर सोय हाय.”

पोरीनं विचारलं, “ताई, राग कधी येतो?”

“आत्ता,” भिवराबाई म्हणाली, आणि सुटली. दिवसकार्य उरकायच्या आत मुकादमानं तिला टोळीतनं कसं काढलं, इथून तिनं सुरुवात केली. अर्ध्यात पोरगी भाषांतर विसरली. यूनबाईला त्याची गरजही लागली नाही. बघणारे अजून सांगतात, कारखान्याच्या थंड चिमणीतून तेवढ्या वेळापुरता धूर निघाला.

यूनबाई उठली आणि तिनं भिवराबाईचा हात धरला. “हीच.” रांगेत पहिली टाळी छबुबाईनं वाजवली. मग बायांनी असा गलका केला, की पार लांबच्या तलवाडा गावापर्यंत कुत्री भुंकली.

“पण सिनेमात जोडी आहे,” पोरगी म्हणाली. “तुमचा नवरा म्हणून कोणाला घ्यायचं? तुम्हीच निवडा.”

पुरुषांनी मिशा सारख्या केल्या. भिवराबाईनं सगळी रांग सावकाश न्याहाळली आणि बंकटपाशी येऊन थांबली.

“ह्यो. डोक्यावर उसाची मोळी घिऊन माज्या मागनं चालंल.”

यूनबाई बंकटकडं वळली. पोरीनं विचारलं, “चालेल ना तुम्हाला?”

बंकटनं तोंड उघडलं.

“चालतंय त्येला,” भिवराबाई म्हणाली.