वर्गातला तो एक

"नाव तेवढं विचारू नका, सर," मॅडम म्हणाल्या. "सांगायला त्या मुलाची परवानगी नाही."

तुफान सर चरफडले. संख्याशास्त्र शिकवताना ते फळ्याकडे तोंड करून जे सुसाट सुटायचे, त्यावरून पोरांनी ठेवलेलं हे नाव. मॅडम कॉलेजचा मदत-कक्ष सांभाळायच्या. त्यांचं म्हणणं, यंदा सरांच्या वर्गात एक मुलगा येतोय. डोकं तल्लख, पण वाचायला बसला की अक्षरं आणि आकडे जागा सोडून पळतात. एक वर्ष आधीच वाया गेलेलं. आता नापास झाला की कॉलेजला रामराम.

"मग सांभाळू कोणाला? अंधारात तीर मारू?"

मॅडमनी शांतपणे सांगितलं, फळ्यावरचं मोठ्यानं वाचा, प्रश्न सुटसुटीत छापा, वेळ जास्त द्या. आणि सगळ्यांनाच द्या, म्हणजे कोणाकडे बोट जायला नको.

सरांनी नाक मुरडलं, पण केलं. एखाद्या पोराचं शिक्षण आपल्या हातून सुटावं, हे काही त्यांना पटणारं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात ते वर्गाकडे तोंड करून एकेक पायरी समजावत होते, तेव्हा मॅडम दारात आल्या. काहीतरी सांगायचं असावं. थोडा वेळ ऐकत उभ्या राहिल्या आणि तशाच परत गेल्या. आल्या असतील तपासायला, म्हणून सरांनी पुढचं गणित घेतलं.

मनात शोध चालूच होता. पेनाचं टोपण चावणारा? की शेवटच्या बाकावरचा, जो मानच वर काढत नाही? संशय एकावर ठरेना, म्हणून सगळ्यांशीच जपून वागणं आलं. घरी बायको म्हणाली, हल्ली माझ्याशीही सावकाश बोलता, तब्येत बरी आहे ना?

हळूहळू वर्गात हात वर होऊ लागले. शेवटच्या बाकावरच्यानं एकदा चक्क सरांचीच चूक काढली. सर मनातून हरखले. हाच तो.

निकालात वर्गातला एकही जण नापास नव्हता. सर धापा टाकत जिना चढून मदत-कक्षात गेले. डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही.

"पोरगा तरला, मॅडम. आता तरी सांगा, शेवटच्या बाकावरचाच ना?"

मॅडमनी आधी त्यांना बसवलं, पाणी दिलं.

"तुमच्या वर्गातले चौघं यंदा आपणहून माझ्याकडे आले. आजवर घरीसुद्धा न सांगितलेली अडचण घेऊन. त्यांचीही नावं विचारू नका."

"आणि तो?"

"तोही पास झाला. पण तुमच्याकडे नाही, सर. तो पहिल्याच आठवड्यात विषय बदलून गेला होता."