शेतावर न्यायचं खासर

शालीकराम सुताराच्या अंगणात गोवऱ्यांचा जाळ पेटला होता. जाळात लोखंडाची मोठी कडी तापत होती. चाकावर चढवायची धाव. ती एकदा लाल झाली की थांबता येत नाही.

"पटेल, लवकर सांगा," शालीकराम म्हणाला. "नवं खासर घेत असाल तं याच्या चाकावर चढवतो. नाही तं बकारामच्या गाडीचं चाक पडून आहे, माप एकच आहे."

"घाई काऊन करतेस?" मनोहरलाल म्हणाला.

"मी नाही करत, जाळ करते. ही काय बायकोची चूल आहे, लाकूड मागं ओढलं अन झालं?"

मनोहरलाल जुन्या खासराजवळ उभा होता. त्या लहान बैलगाडीवर बांबूच्या तट्ट्यांचं छप्पर होतं. आत एक माणूस आडवा होईल एवढी जागा. चाकं नुसती लाकडाची. त्यांच्या धावा कोणी तरी आधीच काढून नेल्या होत्या.

"हे घे," तो धाकट्या भावाला म्हणाला.

भोजराज नव्या खासरात वाकून पाहत होता. ते रुंद होतं, बिजाच्या लाकडाचं. छप्पर दुहेरी, मागे तट्ट्याचं दार. पावसाचे चार महिने त्यात निघाले असते. त्यानं आत हात घालून फळ्या दाबून पाहिल्या.

"दादा, मधात नाला आहे. पुढे धानाच्या बांध्याच बांध्या. बिनधावेचं चाक फुटून जाईल."

"तीन कोस टिकते. मग शेतात उभंच तं राहायचं आहे त्याले."

"अन येताना?"

गावाची रीत भोजराजलाही माहीत होती. खोकल्याच्या रोग्याची खाट, गाडगं, घोंगडं, जे शिवेबाहेर गेलं ते परत आत येत नसे. रोगी परत आल्याचंही कोणी पाहिलं नव्हतं.

अंगणाच्या कडेला मोहाच्या झाडाखाली भोजराजची बायको गोमती बसली होती. डोक्यावरून पदर, पायाशी एक गाठोडं. बाजूला बैलजोडी बांधलेली. घरून निघताना थोरल्या जावेनं ओसरीवर येऊन पाहिलं होतं, खाली उतरली नव्हती. आता इथूनच शेतावर जायचं होतं.

"गोंदियाचा डॉक्टर सहा महिने म्हणाला," भोजराज म्हणाला. "मोकळ्या हवेत ठेवा म्हणाला. या रोगावर सुया निघाल्या आहेत आता. सहा महिन्यानं घरी न्या म्हणाला."

"त्या डॉक्टरच्या घरी चार लेकरं आहेत काय? एका ताटात जेवणारे?"

"मी कुठं म्हणतो घरात ठेवा?"

"मग नव्या खासराचा हट्ट कायले?"

भोजराज पुन्हा नव्या खासराच्या फळ्या दाबून पाहू लागला. थोरल्या भावाला उलट बोलायची त्याला सवय नव्हती.

"पटेल," शालीकराम जाळाकडं पाहत म्हणाला, "लाल होऊन राहिली."

"बकारामच्या चाकावर टाक," मनोहरलाल म्हणाला.

शालीकरामनं लांब सांडशी उचलली.

तेवढ्यात गोमती उठली. तिला खोकला आला. पदर तोंडावर दाबून तो जाईपर्यंत ती थांबली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण थोरल्या दिरासमोर तिनं तोंड उघडलं नव्हतं. त्या घरातली कोणतीच सून उघडत नसे. आताही तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती बैलाकडं वळली, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"काय रे बैला, आज मले शेतावर पोचवून देशील. अन आणाले येशील तं कोणतं खासर घेऊन येशील?"

जाळात एक गोवरी खचली.

"नव्यावर," भोजराज म्हणाला. "नव्यावर चढवा."

त्यानं भावाकडं न पाहता दुसरी सांडशी धरली. दोघांनी लाल कडी उचलली, धावतच आणली आणि आडव्या ठेवलेल्या चाकावर टाकली. लाकूड भडकलं. शालीकराम घण घालू लागला. भोजराजचे दोन्ही हात सांडशीत अडकलेले होते.

"पाणी!" शालीकराम ओरडला. "पाणी टाका!"

भरलेल्या घागरी मनोहरलालच्या पायाशी होत्या. तो तसाच उभा राहिला. ज्वाळा आऱ्यांकडं सरकली.

"पटेल, चाक जळून राहिलं ना!"

मनोहरलालनं घागर उचलून ओतली. मग दुसरी. तिसरी. वाफेत कोणाचं तोंड कोणाला दिसेना. लोखंड आवळत गेलं, लाकडाचे सांधे करकरत एकमेकांत बसले.

दुसऱ्या चाकाच्या वेळी त्याला हाक मारावी लागली नाही.

दुपारपर्यंत चाकं बसवून झाली. भोजराजनं गाठोडं आत ठेवलं, खाली तणस पसरलं, बैल जुंपले. गोमती मागच्या दारानं आत चढली आणि पाय पोटाशी घेऊन बसली. तट्ट्याच्या फटीतून तिचा पदर तेवढा दिसत होता.

मनोहरलाल दहा पावलांवर उभा होता. त्याहून जवळ तो आला नाही. धाकट्या भावाच्या बायकोशी तोही बोलू शकत नव्हता. त्यानं धोतराला हात पुसले.

"बैला," तो म्हणाला, "पावसात नाल्याचा उतार खचते. आणाची घाई करू नको. दिवाळी उलटू दे. मी येईन नाल्यावर चाक धराले."