गल्लीतला तिसरा ठिपका

बाबूराव मेश्रामांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि नयनाच्या टेबलावर ठेवला. "ताई, हा रिपोर्ट नकाशात टाकायचा होता. आमच्या गल्लीत आता तीन होतील ना?"

नयनाने कागद उघडला. राजरत्न मेश्राम, वय पाच, डेंग्यू पॉझिटिव्ह.

"कसा आहे आता?"

"सोमवारी गेला."

नयनाने पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. बाबूरावांनी तो हातात धरला, पण प्यायले नाहीत.

समोरच्या पडद्यावर लखनौचा नकाशा उघडाच होता. दोन हजार सोळाचा ऑक्टोबर चालू होता आणि शहर तापाने फणफणलं होतं. हा नकाशा नयनाने महापालिकेच्या आरोग्य खात्यासाठी केलेला. एक रुग्ण, एक ठिपका. ठिपक्यावर बोट ठेवलं की वय कळायचं, तारीख कळायची. एका गल्लीत पंधरा दिवसांत तीन ठिपके पडले की गल्ली आपोआप लाल व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे धूर मारणारी गाडी जायची. सोबत घरोघरच्या कूलरमधलं पाणी ओतून देणारी माणसंही जायची. तीनपेक्षा कमी असले तर गल्ली पिवळी. पिवळ्यांनी थांबायचं, कारण सगळ्या शहरात गाड्या होत्या मोजून चार.

आता लोक काय करतात, एका लॅबवर विश्वास बसला नाही की दुसरीकडे रक्त देतात. माणूस एक आणि ठिपके दोन! नयनाने त्यावरही उपाय काढला होता. नावांचा काही उपयोग नव्हता. इथल्या लॅबवाल्यांनी मेश्रामचं मिश्रा करून टाकलेलं तिने पाहिलं होतं, आणि ती स्वतः साताऱ्याची देवस्थळी, तिचं आडनाव तर दर वेळी नवा अवतार घ्यायचं. म्हणून तिने नाव सोडूनच दिलं. फोन तोच, पत्ता तोच, वय तेच, मुलगी की मुलगा तेही तेच, तर माणूस एकच. दुसरी नोंद बाद. या एका नियमाने सहाशे बारा ठिपके गळले. साहेबांनी मीटिंगमध्ये शाबासकी दिली, शहरातल्याच कपूरथला चौकातून मिठाई आली. खोटं कशाला सांगायचं, त्या दिवशी नयना हवेत होती.

बाबूराव मूळचे भंडाऱ्याचे, एका सरकारी कंपनीत स्टोअरकीपर. लखनौतल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमांमुळे ओळख. तीन आठवड्यांपूर्वी त्यांचा तेलीबाग वस्तीतल्या घरून फोन आला होता.

"ताई, आमच्याकडे धुराची गाडी पाठवा ना जी. बिमारी लय वाढली."

नयनाने तेव्हा नकाशा उघडून पाहिला होता. "बाबूराव, गाडी तीन झाले की येते, तुमच्या गल्लीत दोनच आहेत. तुमच्या घरी एक आणि शेजारी एक."



"आमच्या घरी एकच का? अच्छा. तुम्ही बघून सांगता म्हणजे बरोबरच असेल."

तिला दुसरा फोन येत होता. तिने हो म्हटलं आणि ठेवून दिला.

आता तिला ते 'एकच का' आठवलं. ग्लास अजून त्यांच्या हातातच होता.

"बाबूराव, तेव्हा घरी कोण आजारी होतं?"

"दोघी पोरी. रूपाली अन् मुक्ता. जुळ्या आहेत ना माझ्या. एकाच दिवशी ताप चढला, एकाच दिवशी रक्त दिलं. शेजारच्या पद्मिनीबाईंना आधीच झाला होता. पोरी त्यातून उठल्या बिचाऱ्या. अन् मग बारा दिवसांनी ह्याला भरला." ते कागदाकडे बघत राहिले. "रोज विचारायचा, पापा, धुएँवाली गाड़ी कब आएगी? त्याला तिच्या मागं पळायचं होतं. मी म्हणायचो, बेटा, तीन झाले की येते."

नयनाने बाद नोंदींची यादी उघडली. फोन तोच. पत्ता तोच. वय नऊ, मुलगी. नकाशावर रूपाली होती. यादीत मुक्ता होती. पद्मिनीबाई, रूपाली, मुक्ता. तीन. गल्ली त्या फोनच्या दिवशीच लाल व्हायला हवी होती, गाडी दुसऱ्या दिवशी जायला हवी होती. राजरत्न तेव्हा धडधाकट होता. तो गाडीमागे पळाला असता. तिने हे सगळं दोनदा तपासलं, कुठेतरी आपण चुकत असू अशी वेडी आशा होती म्हणून. तारखा बदलल्या नाहीत.

"बाबूराव," ती म्हणाली. डोळे भरून आले होते. "तुमच्या घरातला... मी..."

बाबूरावांनी तिचा चेहरा पाहिला. ताईंपुढे काहीतरी नियमाची अडचण आली असावी, असं त्यांना वाटलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि कागद तिच्याकडे सरकवत, भिडेने बोलावं तसं हळूच म्हणाले,

"समजलं ताई. एका घरातून एकच घेता तुम्ही. मग रूपालीचा ठिपका काढा. ती बरी झाली. तिच्या जागी ह्याला लावा."