आधी काच, मग काडी

शेंद्र्याच्या कारखान्यातल्या शेडमध्ये कारभारीआबांनी जन्मभर मास्क न लावता, डोळे मिटूनच वेल्डिंगचे टाके मारले. आता डोळ्यांत नुसतं धुकं उरलं होतं. शेळ्यांच्या वाड्याला फाटक हवं म्हणून लेक प्रेरणा त्यांच्याकडूनच काम शिकत होती. "आधी काच, मग काडी," आबा ओवीसारखं घोकून घ्यायचे. तिनं मास्कची काळी काच डोळ्यांवर ओढून वेल्डिंगची काडी लोखंडाला टेकवली, लखलखाट झाला. मास्क वर करून पाहते तर आबांच्या उघड्या डोळ्यांतून पाणी वाहतंय, ओठांवर हसू. "आबा, तोंड फिरवा की!" "फिरवू कशाला, माय? तेवढाच उजेड दिसतो मला." घरात मास्क एकच, तो तिनं त्यांच्या चेहऱ्यावर चढवला. "आता खुशाल बघा." "अन् तुझे डोळे?" "मिटते की, तुमच्यासारखे." चाचपडत आबांनी मास्क काढला, लेकीच्या तोंडावर नीट बसवला आणि उरल्यासुरल्या उजेडाकडं पाठ करून बसले.